झपतालासाठी सीक्वेन्सर बांधताना

सीक्वेन्सर स्वतः एकही स्वर काढत नाही. कुठला स्वर, केव्हा, किती जोरात आणि किती वेळ एवढंच तो सांगतो. वाजायचं काम त्याला जोडलेल्या सिंथेसायझरचं. अशा मुक्या पेटीसाठी जगभरातले वादक भरपूर पैसे मोजतात आणि वर वर्षानुवर्षं रांगेत थांबतात. मीही त्या रांगेत नाव घातलं, आणि नंबर यायची वाट बघता बघता शेवटी लॅमिंग्टन रोडच्या सुट्या भागांतून माझा सीक्वेन्सर स्वतः बांधला. त्या बांधण्याची ही हकीकत.

हे काम कॉम्प्युटर फुकटात करतो, मग वेगळी पेटी कशाला, असं मला घरी-दारी विचारलं गेलं. माझं उत्तर असं आहे. पडद्यावर संगीत करताना मी ऐकण्याऐवजी बघायला लागते. सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, कुठे आहे हे रेघेवरून कळतं, कानाला काही कामच उरत नाही. आणि माऊसने एका वेळी एकाच ठिकाणी हात घालता येतो. सोळा नॉब आणि सोळा बटणं समोर असली की प्रत्येक खण, म्हणजे ओळीतली एका स्वराची जागा, बोटाखाली असतो. चौथा स्वर थोडा वर, अकरावा गाळलेला, हे डोळे मिटून, वाजत असताना, दोन्ही हातांनी करता येतं. हार्मोनियमवर बोटांना जागा ओळखीच्या झाल्या की नजर मोकळी होते, तसंच हे. मी लहानपणी हार्मोनियम शिकले आणि नंतर सिंथेसायझरकडे वळले, म्हणून ही गरज मला जरा जास्तच जाणवत असेल.

दुसरी गरज तालाची. आमच्या गोरेगावच्या इमारतीत वरच्या मजल्यावर एक काका तबला वाजवतात. त्यांच्या रियाजाला मी कधीकधी लेहरा धरते. लेहरा धरणं म्हणजे तीच ओळ तासभर न ढळता वाजवणं, आणि तेवढा वेळ माझे हात अडकलेले. लेहऱ्याची अ‍ॅप चांगली आहेत, पण त्यात ओळ त्यांनी दिलेली. मधेच दोन स्वर बदलावेसे वाटले, खालीच्या, म्हणजे तालातल्या टाळी नसलेल्या मात्रेवर ओळ हलकी करावीशी वाटली, तर सोय नाही. मला लेहरा यंत्राकडे सोपवून त्याच्यावर वाजवायचं होतं, आणि वाजवता वाजवता तो बदलायचाही होता.

बाजारातली बहुतेक स्वस्त यंत्रं सोळा खणांच्या हिशेबाने विचार करतात. सोळा मात्रांच्या तीनतालाला ते अगदी सोयीचं. झपतालाच्या दहा मात्रा, रूपकाच्या सात, यासाठी ओळीची लांबी बदलता येते खरी, पण एका ओळीत झपताल आणि दुसरीत रूपक ठेवायचा, मात्रेचे चार भाग करायचे आणि दोन्ही एकमेकांना न अडवता फिरवायचे म्हटलं की त्यातली पुष्कळशी यंत्रं हात टेकतात. ज्यांना हे सहज जमतं ती बहुधा छोट्या कारागिरांची यंत्रं असतात. त्यांच्या मागे एखादा माणूस असतो, ज्याला स्वतःला हेच हवं होतं आणि कुठे मिळालं नव्हतं.

मुंबईत हा विषय काढला की मला चरणजीत सिंग आठवतात. हिंदी सिनेसंगीतातले वादक. १९८२ साली त्यांनी रोलँड कंपनीचं टीआर-८०८ हे तालयंत्र, टीबी-३०३ हे बेसचं यंत्र आणि ज्युपिटर-८ सिंथेसायझर एकत्र जोडून दहा रागांची एक तबकडी केली. ३०३ मध्ये सीक्वेन्सर आहे, त्यात सोळा खणांपर्यंतची ओळ बसते. त्या छोट्याशा चौकटीतून त्यांनी रागाचे स्वर गरागरा फिरवले. तबकडी तेव्हा फारशी खपली नाही. २०१० मध्ये नेदरलँड्समधून ती पुन्हा निघाली, तेव्हा लोक चकित झाले, कारण ३०३ चा तो पिळदार आवाज जगाला माहीत झाला तो शिकागोच्या अ‍ॅसिड हाउस या नृत्यसंगीतामुळे, म्हणजे १९८७ च्या सुमाराला. आपल्या शहरातल्या एका वादकाने पाच वर्षं आधी ते यंत्र रागाला लावलं होतं. सिंग २०१५ मध्ये गेले. त्यांची तबकडी मी जितक्या वेळा ऐकते तितक्या वेळा मला वाटतं की यंत्राची चौकट समजून घेऊन तिच्यात शिरलेला माणूस काय करू शकतो, याचा याहून मोठा पुरावा मला नको.

ती यंत्रंही दुर्मिळच होती. ८०८ साधारण बारा हजार निघाली आणि ३०३ दहा हजारांच्या आसपास. १९७७ चा रोलँडचा एमसी-८, ज्यात आकडे एकेक करून टाइप करावे लागत, तो तर दोनशेच्या आसपासच विकला गेला म्हणतात. एवढ्या मोठ्या कंपनीची ही गत, तर एकट्या माणसाची काय असणार?

मी ज्या यंत्राच्या रांगेत नाव घातलं ते सर्कलॉन. ब्रिटनमधले कॉलिन फ्रेझर हे त्याचे कर्ते; आधी त्यांनी पी-३ नावाचा सीक्वेन्सर केला होता, त्याच विचाराचा हा पुढचा टप्पा. एफेक्स ट्विनसारख्या नामवंत कलाकाराने आपल्या रचनांना या यंत्राचं नाव दिलं आणि त्याचा बोलबाला आणखी वाढला. दुकानात जाऊन ते उचलता येत नाही. नाव कळवायचं, नंबर आला की निरोप येतो, मग पैसे भरायचे.

रांगेत असताना मी या टंचाईचा बराच अभ्यास केला, आणि मला ती मुद्दाम केलेली टंचाई मुळीच वाटली नाही. असल्या यंत्रात पत्रा, बटणं आणि आयसी (चिप) यांचा खर्च दिसतो, पण खरी मेहनत आत चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये असते. तो लिहिणारा, त्यातल्या चुका काढणारा, बोर्ड मागवणारा, गिऱ्हाइकांच्या पत्रांना उत्तरं देणारा बऱ्याचदा एकच माणूस. तो पॅनेल तपासत बसला की प्रोग्रॅम थांबतो, आणि प्रोग्रॅम लिहायला बसला की यंत्रं बाहेर पडत नाहीत. पॅनेल पन्नास नग केले तर महाग पडतात, हजार केले तर पैसे अडकतात. त्यात २०२० च्या ऑक्टोबरमध्ये जपानमधल्या नोबेओकाच्या एकेएम कंपनीच्या कारखान्याला आग लागली आणि ऑडिओ कन्व्हर्टरच्या चिप जगभर मिळेनाशा झाल्या. पाठोपाठ मायक्रोकंट्रोलरचा, म्हणजे प्रोग्रॅम चालवणाऱ्या चिपचा तुटवडा. मोठ्या कंपन्यांनी उरलेला माल आगाऊ उचलला. छोट्यांना एका चिपसाठी अख्खा बोर्ड नव्याने आखावा लागला. जर्मनीच्या जेनॉक्सचा ऑक्टोपस हा एक अप्रतिम सीक्वेन्सर होता. तो बंद झाला आणि आता कुणी विकायला काढला तरच दिसतो. डर्टीवेव्हचा एम-८ हा हातात मावणारा ट्रॅकर (एका प्रकारचा सीक्वेन्सर) बनवणारे टिमोथी लॅम्ब यांनी मला आवडलेला मार्ग काढला. त्यांच्या यंत्राचा प्रोग्रॅम टीन्सी ४.१ या छोट्या बोर्डावर फुकट चालवता येतो. पडद्याचं काम कॉम्प्युटर किंवा फोन करतो. ज्याला यंत्र मिळत नाही त्याला निदान त्यात काय आहे ते कळतं.

मुंबईत बसून मागवायचं म्हणजे आणखी एक दार ओलांडायचं. कुरियरने आलं तर सीमाशुल्क, त्यावर आयजीएसटी, केवायसीची कागदपत्रं. परदेशातून येणाऱ्या नातेवाइकाच्या बॅगेतून आणावं तर तेव्हाच्या नियमाने पन्नास हजार रुपयांपर्यंत सूट आणि वरच्या रकमेवर ३८.५ टक्के. ते भरायची माझी तयारी होती. पण बिघडलं तर काय? परत पाठवायचं, पुन्हा आणायचं, दर खेपेला कागदपत्रं. इथे दुरुस्त करणारं कुणी नाही, कारण इथे कुणी ते उघडून पाहिलेलंच नाही. ही गोष्ट मला सगळ्यात जास्त खटकली. तबल्याची शाई निघाली तर दादरला जाता येतं. माझ्या वाद्याच्या पोटात काय आहे हे या शहरात कुणाला तरी माहीत असायला हवं होतं.

म्हणून मिडीबॉक्स, स्वतः बांधायच्या मिडी यंत्रांचा प्रकल्प. मिडी म्हणजे वाद्यांनी एकमेकांना स्वरांचे निरोप पाठवायची पद्धत. जर्मनीतले थॉर्स्टन क्लोसे यांनी वर्षानुवर्षं खपून हा प्रकल्प उभा केला आणि त्याचे नकाशे व प्रोग्रॅम सगळ्यांसाठी ठेवले. त्यातला सीक्वेन्सर, चौथी आवृत्ती, सोळा ट्रॅकचा, म्हणजे सोळा ओळींचा आहे, एका ट्रॅकमध्ये २५६ खणांपर्यंत जाता येतं, आणि प्रत्येक ट्रॅकची लांबी वेगळी ठेवता येते. अट एकच: स्वतःच्या वापरासाठी बांधा, परवानगीशिवाय धंदा करू नका. म्हणूनच तो दुकानात तयार दिसत नाही. हवा असेल त्याने सोल्डरिंग आयर्न हातात घ्यायचं.

मेंदू म्हणून एसटीएम-३२ एफ-४ डिस्कव्हरी बोर्ड. आधी एनएक्सपीचा एलपीसी-१७६९ बोर्ड वापरत, तो निघायचा बंद झाला आणि प्रकल्प या बोर्डावर आला; टंचाई फुकटच्या प्रकल्पालाही चुकत नाही. बटणं वाचायला ७४-१६५ आयसी, दिवे लावायला ७४-५९५. चार चार आयसींचा एक बोर्ड, त्यावर बत्तीस बटणं किंवा बत्तीस दिवे. चाळीस अक्षरांच्या दोन ओळींचे दोन डिस्प्ले. सतरा एन्कोडर, म्हणजे खटक्याखटक्याने गोल फिरणारे नॉब. मिडीच्या इनपुटला ६एन१३८ ऑप्टोकपलर. ही यादी घेऊन मी ग्रँट रोडला उतरले.

लॅमिंग्टन रोडच्या पाट्यांवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असं लिहिलेलं असतं, पण तिथे जाणारा कुणी ते नाव घेत नाही. रेझिस्टन्स, कंडेन्सर, बर्ग स्ट्रिप, रिलिमेट, आयसी सॉकेट हे सगळं एका गल्लीत मिळालं. पाच पिनांचं डिन सॉकेट मागितल्यावर एका दुकानातल्या वयस्क काकांचा चेहरा खुलला. "हे जुन्या टेपरेकॉर्डरला लागायचं. तुम्हाला कशाला हवं, ताई?" मी सांगितलं, वाद्यं एकमेकांना जोडायला. त्यांनी आतून एक धुळकट खोका काढला, आणि माझी यादी मागून घेऊन डोळ्यांजवळ धरून वाचली.

यादीत एका ठिकाणी ७४-एचसीटी असं होतं. बहुतेक दुकानांनी ७४-एचसी पुढे केली, दोन्ही एकच म्हणून. काका तसं म्हणाले नाहीत. मेंदूचा बोर्ड ३.३ व्होल्टवर बोलतो आणि पुढच्या आयसी ५ व्होल्टवर चालतात. एचसी आयसीला ५ व्होल्टवर ३.३ चा इशारा खात्रीने "हो" वाटत नाही; एचसीटीला २ व्होल्टच पुरतात. टेबलावर एचसीवरही कदाचित चालेल, पण मे महिन्यातल्या मंडपात, तापलेल्या स्टेजवर मधेच एखादा खण गळेल. "एचसीटी मागवून देतो, थांबा जरा," ते म्हणाले. मी थांबले. ही थांबण्याची मुदत मला जड गेली नाही.

डिस्प्लेने मात्र फिरवलं. जेएचडीचे सोळा अक्षरांचे दोन ओळींचे डिस्प्ले दर दुकानात लटकलेले असतात, कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी मुलं नेतात. चाळीस अक्षरांचा कुणी ठेवत नाही. शेवटी कारखान्यांतल्या यंत्रांची दुरुस्ती करणाऱ्याला माल देणाऱ्या एका दुकानात मिळाले. एन्कोडरबाबत मी हट्ट धरला की सतराही एकाच लॉटचे हवेत. वेगवेगळ्या लॉटचे एन्कोडर बोटांना वेगळे लागतात: एक घट्ट, एक सैल. आणि जे बोटाला वेगळं लागतं ते वाजवताना लक्ष खातं.

सोल्डरिंगला मी पावसाळा टाळला. दमट हवेत बोर्डावर राहिलेला फ्लक्स चिकट होतो, पितळी पिनांवर हिरवट थर धरतो. थंडीच्या दिवसांत, खिडकी उघडी ठेवून, रोज रात्री थोडं थोडं. आधी सॉकेट, मग रेझिस्टन्स नेटवर्क, शेवटी आयसी. प्रत्येक बोर्ड झाला की वीज द्यायच्या आधी मल्टिमीटरने पाच व्होल्ट आणि ग्राउंड कुठे चिकटले नाहीत ना हे बघायचं. या कामात मला खूप समाधान मिळालं. पुढे वाजवताना एखादं बटण बोललं नाही तर कुठल्या आयसीची कुठली पिन बघायची, हे मला तेव्हाच माहीत झालं होतं.

पॅनेल अ‍ॅक्रिलिकचं, लेझर कटिंगवाल्याकडून कापून घेतलं. दोन नॉबमधलं अंतर मी माझ्या बोटांवरून ठरवलं. कागदावर छापून, टेबलाला चिकटवून, त्यावर खोटंखोटं वाजवून बघितलं. तयार पॅनेल गर्दीच्या लोकलमधून छातीशी धरून आणलं.

बोर्डात आधी बूटलोडर (मुख्य प्रोग्रॅम आत घेणारा छोटा प्रोग्रॅम), मग यूएसबीवरून मुख्य प्रोग्रॅम, आणि एसडी कार्डवर एक साधी मजकुराची फाइल, ज्यात कुठलं बटण कुठल्या पिनेवर आहे हे लिहायचं. एन्कोडरचा प्रकारही तिथेच सांगायचा. एका खटक्याला किती इशारे निघतात हे प्रत्येक जातीत वेगळं असतं; प्रकार जुळेपर्यंत एक खटका फिरवला की स्वर दोन पायऱ्या उडी मारतो. तीन-चार प्रकार लावून पाहिल्यावर एक बसला, आणि सा वरून रे कोमल, रे, ग कोमल असं एकेक पाऊल टाकत नॉब चालायला लागला.

मग झपताल. दहा मात्रा, मात्रेचे चार भाग, म्हणून ट्रॅकची लांबी चाळीस. दुसऱ्या ट्रॅकला रूपक, अठ्ठावीस. दोन्ही एकदम सोडले की सत्तर मात्रांनी, म्हणजे झपतालाची सात आणि रूपकाची दहा आवर्तनं झाल्यावर, दोघांची सम पुन्हा एकत्र येते. कागदावर हे कुणालाही मांडता येईल. पण ते फिरत असताना एका हाताने रूपकातला एक स्वर काढून घ्यायचा आणि दुसऱ्या हाताने झपतालातली खाली हलकी करायची, आणि सत्तराव्या मात्रेनंतर दोन्ही ओळी एकमेकींवर येऊन आदळताना ऐकायच्या, यासाठी मी एवढा खटाटोप केला होता.

वरच्या मजल्यावरचे काका ऐकायला आले. मी लेहरा लावला. जुनं साउंड मॉड्यूल, सारंगीसारखा आवाज. काकांनी दोन आवर्तनं नुसती ऐकली आणि म्हणाले, "सम येते गं, पण बोलावत नाही." मला ते लगेच पटलं. सगळे स्वर अगदी काट्यावर पडत होते. या यंत्रात एका ठोक्याचे ३८४ भाग असतात, म्हणजे माझ्या एका खणात ९६. समेच्या आधीचे दोन स्वर काही भागांनी मागे ओढले, त्यांचा जोर कमी केला आणि समेचा स्वर जिथल्या तिथे ठेवला. काका ऐकत होते, मी नॉब फिरवत होते. सहाव्या मात्रेला, म्हणजे खालीला, स्वराची लांबीही थोडी कमी केली, म्हणजे ओळ तिथे श्वास घेते. "आता राहू दे," म्हणून त्यांनी तबला पुढे ओढला.

त्यानंतर तिहाई, म्हणजे तीनदा वाजून समेवर येणारा तुकडा. समेपासून समेपर्यंत चाळीस खण आणि पुढच्या समेचा एक, असे एकेचाळीस. अकरा खणांचा तुकडा तीनदा आणि मधे चार-चार खणांचे दोन दम (थांबे): तेहेतीस आणि आठ. शेवटचा स्वर बरोबर समेवर. काकांनी हाच हिशेब बोटांच्या पेरांवर केला आणि ती तिहाई माझ्या ट्रॅकबरोबर वाजवली. मग त्यांनी दुसरी मागितली, तेरा खणांचा तुकडा, दम एकेकाचाच. तीही एकेचाळीसच. ती मात्र इतक्या घाईची झाली की दोघांनाही आवडली नाही.

एक गोष्ट बांधल्यामुळेच कळली. मिडीची तार सेकंदाला ३१,२५० बिट नेते, म्हणजे एक स्वर पोचायला जवळपास एक मिलिसेकंद. १९८३ पासून हा वेग तोच आहे. एकाच तारेवर आठ वाद्यांचे स्वर समेला एकदम पाठवले तर ते एकामागून एक पोचतात आणि समेचा ठोसा पसरट होतो. म्हणून चांगल्या सीक्वेन्सरला मिडीची चार-पाच स्वतंत्र आउटपुट असतात. मी लेहऱ्याला वेगळी तार दिली आणि तालाला वेगळी. पूर्वी मला ही जास्तीची सॉकेटं उगाच वाटायची.

सर्कलॉनच्या रांगेतलं माझं नाव मी काढलेलं नाही. त्याची विचार करण्याची पद्धत वेगळी आहे, ती मला शिकायची आहे. नंबर येईल तेव्हा येईल. आता ते यंत्र उघडून बघायची मला भीती वाटणार नाही, आणि इथे कुणाचं बिघडलं तर मीही बघू शकेन.

दरम्यान डोंबिवलीची एक कॉलेजातली मुलगी, घरात ढोलकीची परंपरा असलेली, माझा सीक्वेन्सर ऐकून मागे लागली की मला एक बांधून विका. विकता येणार नाही हे तिला सांगितलं. त्याऐवजी ती आता रविवारी येते आणि माझ्या टेबलावर स्वतःचा बांधते. तिला नॉबपेक्षा बटणांची चिंता जास्त. ढोलकीच्या हाताला लहान बटणं पुरत नाहीत म्हणते, म्हणून पॅनेलचं ड्रॉइंग तिने नव्याने केलंय, मोठ्या बटणांचं, दोन ओळींत. एचसीटी आयसी तिने न सांगताच दुकानातल्या काकांनी काढून दिल्या. फक्त एन्कोडर अडलेत. मी नेले त्या लॉटचे संपले, आणि नवी लॉट आली की फोन करतो असं काकांनी तिच्या यादीवर लिहून ठेवलंय.